समोरची जागा

बाल्कनीत तुळशीच्या कुंडीमागे लोणच्याची एक जुनी बरणी ठेवली आहे. आज दुपारी कपडे वाळत घालताना तिच्याकडे लक्ष गेलं आणि हातातला टॉवेल हातातच राहिला. वर फेस आलाय. तांबूस, दाटसर. मध्येच एखादा बुडबुडा आळस दिल्यासारखा वर येतो आणि फुटतो. आत मूठभर गंजके खिळे, मोडक्या विळीचं पातं, पावशेर गूळ आणि पाणी. वासाबद्दल न बोललेलं बरं. शेजारच्या काकूंनी परवा गॅलरीतून विचारलं, "तुमच्याकडे काही मेलंय का हो?"

हे सगळं एका वर्कशॉपचं देणं.

हस्तकलेच्या प्रदर्शनात गेले आणि कोपऱ्यातल्या मांडवात 'शिका दोन तासांत' अशी पाटी दिसली की माझी पर्स आपोआप उघडते. कपाटाच्या वरच्या खणात एक पिशवी आहे, तिला घरात 'वस्तुसंग्रहालय' म्हणतात. चाकावर केलेली एक पणती, जी कुठल्याही कोनातून पणती वाटत नाही. बांधणीचा एक रुमाल, अजून गाठी न सोडलेला. वारलीचा एक कागद, त्यात तारपावाला आहे आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची रांग सातव्या माणसापाशी थांबली आहे. त्या दिवशी वेळ संपली होती. बिचारा सातवा गेली चार वर्षं एक हात पुढे करून उभा आहे.

पण एक गोष्ट मला बरोबर जमते, ती म्हणजे जागा धरणं. अशा वर्गात शिरलं की बाकीचे लोक शिकवणाऱ्याच्या शेजारी खुर्ची ओढतात, कारण समोर बसलं की सगळं उलटं दिसतं. मी मुद्दाम बरोबर समोर बसते. मला उलटंच पाहिजे असतं. मी डावखुरी.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला एक चौकोनी पांढरा रुमाल आणावा लागे. त्यावर ओळीने धावदोरा, साखळी टाका, गहू टाका, काजटाका. बाई फळ्यापाशी उभ्या राहून मोठ्या सुईने दाखवत आणि माझ्यापाशी आल्या की एकच वाक्य, "आधी हात बदल." हात बदलला की सुई बोटात. नाही बदलला की साखळी भलतीकडे चाललेली. दहापैकी तीन. वर्गातल्या निम्म्या मुलींचे रुमाल त्यांच्या आयांनी केलेले असत, त्यांना नऊ. याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

त्या दिवाळीत आत्या आली होती. तिच्याकडे क्रोशाची सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं बंडल कायम असे. दुधाच्या भांड्यावर घालायच्या जाळ्या ती विणायची, कडेला निळे मणी लावलेल्या. मणी जड असले की जाळी उडत नाही आणि दुधात माशी पडत नाही. मी तिच्याशेजारी बसून बघत होते आणि गुंता करत होते. तिने दोन मिनिटं माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता उठली आणि माझ्या गुडघ्याला गुडघा लावून समोर बसली. "आता माझ्याकडे बघ. आरशात बघतेयस असं समज." बस्स. तिचा उजवा, माझा डावा. साखळी, मुका खांब, खांब. अर्ध्या तासात माझ्या हातात वाटोळं काहीतरी होतं. खांब वाढवायला विसरल्यामुळे ते सपाट न होता वाटीसारखं वर वळलं. आत्या म्हणाली, छान झालंय, भांड्यावर नाही तर भांड्याऐवजी वापरू.

तेव्हापासून माझी जागा समोरची.

तर यंदाचं वर्कशॉप ठशांच्या छपाईचं होतं. सहाशे रुपये, दोन तास, बारा जणी. शिकवायला कच्छमधल्या अजरखपूरहून आलेले एक गृहस्थ, साठीच्या पुढचे, नखांच्या कडा कायमच्या निळ्या. अजरख, म्हणजे तिकडची नैसर्गिक रंगांची ठसेछपाई, दोन तासांत होत नाही, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. धुणं, भिजवणं, छापणं, पुन्हा धुणं अशा चौदा-सोळा पायऱ्या, कधी महिना लागतो. म्हणून आमच्यासमोर तयार रंगाच्या तबकड्या होत्या. काहींचा हिरमोड झाला. एकीला हत्तीचा ठसा हवा होता, तो नव्हता, मग तिने उरलेला वेळ व्हिडिओ काढण्यात घालवला.

टेबलावर तरट, त्यावर घोंगडी, वर चादर असे थर. सागवानी ठसा हातात घेतला की आधी त्याचं वजन जाणवतं. कोरलेल्या नक्षीतून आरपार बारीक भोकं असतात, दाबताना आतली हवा निघून जायला. ठसा रंगावर दोनदा हलकेच टेकवायचा, कापडावर कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवायचा आणि मुठीच्या कडेने ठोकायचा. त्यांचा प्रत्येक ठोका एकाच आवाजाचा, थप्, थप्, थप्. आमच्या बारा जणींचा मिळून गोंधळ, लग्नात आचाऱ्याच्या मांडवात असतो तसा.

मी समोर बसून अगदी बरोबर शिकले आणि मग कापडाशी मात्र चुकले. सगळ्यांसारखी डावीकडून सुरुवात केली. डाव्या हाताने डावीकडून उजवीकडे जायचं म्हणजे कोपर नेमकं ओल्या ओळीवर. चौथ्या बुट्टीला ओढणी खाली आली आणि तीन बुट्ट्या पुसून घेऊन गेली. त्यांनी पाहिलं. टेबलाला वळसा घालून आले, माझ्या कापडाच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इधर से चलिए बहनजी. हमारी तो लिखाई भी इधर से ही चलती है."

इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या सात बुट्ट्या सरळ आल्या. सात! कार्यानुभवाच्या बाई तिथे असत्या तर.

दोन तास संपले, मंडळी आपापल्या कापडी पिशव्या वाळवत, फोटो काढत पांगली. मला अशा वेळी निघवत नाही. ठसे धुवायला मदत करू का, असं विचारलं. नको म्हणाले, मग एक ब्रश पुढे केला. मी नक्षीतला रंग काढत विचारलं की खऱ्या अजरखातलं काळं कशाचं असतं.

लोखंडाचं भंगार, गूळ आणि पाणी. पंधरा-वीस दिवस आंबवायचं, मग चिंचोक्याच्या पिठाने दाट करायचं. पण नुसतं ते कोऱ्या कापडावर छापलं तर काळं येत नाही, गंजाचे डाग पडतात. कापड आधी हरडमध्ये भिजलेलं पाहिजे.

हरड म्हणजे हिरडा. मी ब्रश तसाच धरून बसले. हिरडा म्हणजे माझ्या लेखी बाळगुटी. सहाणेवर हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळाचे दोन-दोन वेढे, आणि आत्याच्या मांडीवर उताणं पडून आकांत करणारं कुणाचं तरी बाळ. तेच तुरट काहीतरी लोखंडाला भेटलं की काळं होतं. म्हणजे आवळ्याची भाजी लोखंडी कढईत काळी पडते तेच हे. जुन्या काळी काही शायासुद्धा हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचाच एक क्षार, घालून करत. आयुष्यभर कढई घासली आणि हे कधी डोक्यात आलं नाही.

मग ते पाण्याबद्दल बोलत राहिले. 2001च्या भूकंपानंतर त्यांच्या धमडका गावचं पाणी बिघडलं, त्यात लोह वाढलं, रंग भलतेच उतरायला लागले. म्हणून ही छपाई करणाऱ्या काही खत्री कुटुंबांनी भुजजवळ नवी वस्ती केली, तेच अजरखपूर. बोलता बोलता त्यांनी मांडवामागच्या नळाचं पाणी ओंजळीत घेतलं, जिभेला लावलं. काही बोलले नाहीत. मला उगाच आपल्या नळाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून हिरडा आणला. ती डागाळलेली ओढणी स्वच्छ धुतली, म्हणजे डाग सोडून बाकीची, आणि हिरड्याच्या पाण्यात बुडवली. ती आता पिवळसर होऊन दोरीवर आहे. बरणी भरली त्याला आज बारा दिवस झाले. नवरा चहा घेऊन बाल्कनीत आला, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "उद्या तेरावा ना? मग गोडाचं काय करायचं?"

मी उत्तर देणार होते. पण तेवढ्यात दोरीवरच्या ओढणीकडे पाहिलं आणि लक्षात आलं की हिरडा आहे, कापड आहे, काळं होत आलंय, पिठासाठी चिंचोके फोडून ठेवलेत, फक्त ठसा नाही. एकही नाही. हे बारा दिवस मला सुचलंच नव्हतं.

फ्रिजमध्ये पाव किलो भेंडी आहे. शाळेत आडवी कापून फुलं उमटवायचो तीच. ती रात्री भाजीत जाते की ओढणीवर, बघू.