चार प्रश्नचिन्हं

वर्गणीदारांची जुनी साइट पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतून जावा या भाषेत आणायचं काम चालू होतं आणि पासवर्डचा भाग माझ्याकडे होता. जुने हॅश, म्हणजे पासवर्डावरून काढलेले, उलटे फिरवता न येणारे ठसे, पीएचपास या पीएचपी लायब्ररीचे. आठ अक्षरी सॉल्ट (प्रत्येक खात्याची वेगळी, कशीही निवडलेली अक्षरं) आणि पासवर्ड यांचा एमडी५ (एक जुनं हॅश-सूत्र) काढायचा, मग आलेल्या निकालाला पासवर्ड जोडून पुन्हा एमडी५, असं ८१९२ वेळा. मूळ पासवर्ड आपल्याकडे नसतातच, त्यामुळे नवा कोड जुन्याशी बिट-न-बिट जुळलाच पाहिजे.

जावात बाइट (आठ बिटांचा आकडा) ० ते २५५ नव्हे, तर उणे-अधिक चिन्हासह -१२८ ते १२७ असा असतो. निकालाची अक्षरं बनवताना हे चिन्ह काढून टाकलं नाही, तर जवळपास एकही हॅश जुळत नाही. म्हणूनच ती चूक लगेच पकडली जाते. घातक चुका वेगळ्या. २०११ साली क्रिप्ट-ब्लोफिश या पासवर्ड हॅश करणाऱ्या, सी भाषेतल्या कोडात चिन्हाचाच दोष उघड झाला. साध्या इंग्रजी पासवर्डांना तो शिवतही नव्हता, १२७ च्या वरचा बाइट आला की गडबड. कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो किस्सा माहीत असल्याने मी चाचणीच्या यादीत देवनागरी पासवर्ड घातले होते.

माझ्या लॅपटॉपवर सगळे पास झाले. चाचणीच्या सर्व्हरवर देवनागरीतले तेवढे नापास. सहकारी म्हणाला, "अरे, देवनागरीत पासवर्ड ठेवतं कोण? जाऊ दे." मला ते पटेना. साइट मराठी, वाचक मराठी. कुणीतरी ठेवलेलाच असणार.

हॅशिंगच्या आधी बाइट छापून पाहिले. 'पुणे' या पासवर्डचे लॅपटॉपवर बारा बाइट, सुरुवात २२४, १६४, १७०. सर्व्हरवर फक्त चार: ६३, ६३, ६३, ६३. ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह! मी लगेच त्याच सर्व्हरवर 'पुणे' पासवर्डाचं नवं खातं काढलं आणि 'सोने' टाकून पाहिलं. सरळ आत गेलो. सहकारी खुर्ची ओढून शेजारीच येऊन बसला.

पासवर्डाचे बाइट करणारी ओळ एका जुन्या सामायिक लायब्ररीत होती आणि तिथे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट कोणत्या पद्धतीने करायचे ते, दिलेलंच नव्हतं. आमचं जावा ११. ते अशा वेळी मशीनच्या सेटिंगवर जातं. सर्व्हरवरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम चालतो त्या बंदिस्त वातावरणात) भाषेचं सेटिंग रिकामं, म्हणून साधं अ‍ॅस्की, ज्यात देवनागरी बसतच नाही, आणि न बसणाऱ्या प्रत्येक खुणेच्या (अक्षराच्या किंवा मात्रेच्या) जागी प्रश्नचिन्ह. जावा १८ पासून यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारं एन्कोडिंग) हेच डीफॉल्ट आहे, पण जुन्या आवृत्त्यांवर अजून कितीतरी साइट चालतात.

त्या ओळीत यूटीएफ-८ लिहिल्यावर चाचणीची यादी हिरवी झाली, म्हणजे सगळे पास. तरी 'ऱ'चा प्रश्न उरलाच. तो एका कोडपॉइंटनेही (युनिकोडमधल्या एकाच क्रमांकाने) लिहिता येतो आणि र खाली नुक्ता देऊनही. दिसायला एकच, बाइट मात्र वेगळे. जुने हॅश जसे टाइप केले तशाच बाइटांवर बनलेले, त्यामुळे लॉगिनला आधी आहे तसं तपासायचं, मग दुसऱ्या रूपात, असं ठरवलं. नवे हॅश बीक्रिप्ट या जास्त सुरक्षित हॅश-पद्धतीचे होणार होते आणि तिथे ७२ बाइटांपुढचं विचारात घेतलं जात नाही, म्हणजे देवनागरीच्या जेमतेम २४ खुणा. ती मर्यादा पासवर्ड ठेवतानाच वापरणाऱ्याला सांगायची, गुपचूप कापायचं नाही, हे मी त्याच संध्याकाळी मंजूर करून घेतलं.