लाईन बघितली

आषाढातली दुपार. अजिंक्यतारा सकाळपासून दिसलाच नव्हता. ढगांनी त्याला असा काही पोटात घेतला होता, की नवख्या माणसाला इथे किल्ला आहे हे सांगून पटलं नसतं. जेवण झालं होतं, वीज होती, लवंडायला काही हरकत नव्हती. लवंडण्याआधी सांगलीला ताईला एक मेसेज टाकला, 'माझी छत्री तुझ्याकडेच राहिली', आणि त्याच्या शेजारी लाल गोळ्यातलं उद्गारचिन्ह उमटलं. मेसेज गेला नाही. पुन्हा पाठवण्यासाठी टॅप करा.

केलं टॅप. पुन्हा उद्गारचिन्ह. मग फोनच लावला, तर दोन सेकंद नुसती शांतता आणि 'कॉल समाप्त'. वर कोपऱ्यात रेंजच्या काड्या मात्र चारच्या चार उभ्या! लग्नात वाढपी ओळीने उभे असावेत आणि भांडी रिकामी असावीत, तसं.

"बंद करून चालू केलात का?" बायकोने आतून विचारलं. आमच्याकडे हल्ली 'चहा टाकू का'पेक्षा हा प्रश्न जास्त वेळा विचारला जातो.

बंद करून चालू केला. मग विमान मोड. विमानात मी जन्मात तीनदा बसलोय, विमान मोडमध्ये हजार वेळा तरी. भाचा म्हणतो, त्याने फोन टॉवरशी नातं तोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून आपलं नाव सांगून हजेरी लावतो. उशिरा आलेल्या पोराला मास्तरांनी परत दाराबाहेर पाठवावं आणि 'आत येऊ का सर' म्हणायला लावावं, तसलाच प्रकार. पोर एवढ्याने सुधारतं असं नाही, पण मास्तरांचं समाधान होतं. मग सिम. ते काढायची पिन खोक्यासोबत येते आणि खोक्यासोबतच जाते, म्हणून सेफ्टी पिन. सिम काढलं, त्यावर फुंकर मारली, बनियनला पुसलं. ही फुंकर कुठल्याही कंपनीच्या माहितीपुस्तकात नाही. पण कॅसेटला मारली, रिमोटच्या सेलला मारली, दुखऱ्या गुडघ्याला मारली, सिमनेच काय घोडं मारलंय?

काही झालं नाही. ग्राहक सेवेला फोन करावा, तर फोनच लागत नव्हता. बायकोच्या फोनवरून लावला. मराठीसाठी दोन दाबले, तक्रारीसाठी चार दाबले, आणि अखेर एका मुलीने फार गोड आवाजात सांगितलं की तक्रार नोंदवून घेतली आहे, सुटली की त्याच नंबरवर मेसेज येईल. ज्या नंबरवर मेसेज येत नाही, त्याच. मी 'बरं' म्हणालो. माणूस अशा वेळी बरंच म्हणतो.

मेसेज अडकणं हे मला नवं नाही. साध्या बटणांच्या फोनच्या काळात मी मुंबईला होतो आणि धाकट्या भावाला मराठीतून मेसेज लिहायची हौस होती. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात. हा आकडा म्हणे एका जर्मन अभियंत्याने १९८५ च्या सुमारास टाइपरायटरवर सुटी सुटी वाक्यं बडवून, मोजून ठरवला. त्या बिचाऱ्याने काही मराठी वाक्य बडवलं नसणार. देवनागरीत जेमतेम ७० बसतात, त्यातही काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजायचे. मजकूर त्याहून लांबला की त्याचे ६७-६७ चे तुकडे पडतात, आणि माझ्या त्या फोनवर ते तुकडे सुटे सुटे यायचे. एका सकाळी लोकलमध्ये लटकत असताना भावाचा मेसेज आला: 'दादांना काल रात्री दवाखान्यात नेलं सगळ्या तपासण्या झाल्या. घाबरायचं'.

घाबरायचं! एवढंच. मी तिथल्या तिथे, घाटकोपरला उतरून, रीतसर घाबरलो. एक रुपयाची नाणी गोळा करून पिवळ्या डब्याच्या फोनवरून घरी फोन लावला, तर तो दादांनीच घेतला आणि 'कामाच्या वेळी कशाला फोन करतोस' म्हणून मलाच झापलं. 'कारण नाही. गॅस होता.' हा दुसरा तुकडा दुपारी कधीतरी आला. भावाला मी आजही 'घाबरायचं' म्हणूनच हाक मारतो.

ताई मात्र मेसेज इंग्रजी अक्षरांत लिहिते. तिच्या मुलाने शिकवलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सांगलीत गावभागात होती. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. ते आकडे सांगलीकरांना स्वतःच्या रक्तदाबासारखे पाठ असतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. आम्ही इथे टीव्हीसमोर बसून तिला फोन लावत होतो आणि दर वेळी तेच, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. व्हॉट्सअ‍ॅपवर एक टिक. वीज गेली होती, टॉवर बॅटरीवर किती दम धरणार, आणि जनरेटरला डिझेल न्यायचं म्हटलं तर होडीतून. पहाटे तीनला तिचा साधा मेसेज आला. साध्या मेसेजचं एक बरं असतं, त्याला वाट फार अरुंद पुरते, आणि पुढे जाता आलं नाही तर तो मधल्या केंद्रात बसून राहतो, पुन्हा पुन्हा दार वाजवतो. 'पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. आम्ही वरच्या मजल्यावर.' मेसेजवरची वेळ संध्याकाळी सातची होती. सात ते तीन या आठ तासांत पाणी कुठल्या पायरीवर आलं, ते त्यात नव्हतं.

ती सुखरूप होती. फक्त ते आम्हाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं.

असो. छत्रीवरून इथवर आलो. छत्री नव्हतीच, म्हणून बायकोची फुलाफुलांची घेऊन मोती चौकाकडे निघालो. तिथे एक पोरगं मोबाईल दुरुस्त करतं. विशीचं असेल. कानावर पेन्सिल, आणि डोळ्यांत साठीच्या डॉक्टरचा कंटाळा.

"काय झालंय काका?"

सांगितलं. त्याने फोन घेतला आणि अंगठ्याने असा चालवला, जसा आमचा गुरव शंख घासून पुसून ठेवायचा. ओळखीच्या वस्तूकडे बघायचंसुद्धा नाही. प्रथम हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश. "कुठं फॉरवर्ड असंल तर निघून जातंय." मग मेसेजच्या अ‍ॅपची कॅशे साफ. मग तारीख-वेळ बघितली. मग नेटवर्क सेटिंग रीसेट. "वायफायचा पासवर्ड परत टाकायला लागंल बरं का." फोन दोनदा काळा झाला, दोनदा उजळला.

"झालं."

"काय झालं होतं?"

"काय नाय. हँग झालंता."

"पण कशामुळे?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू पाऊस कशामुळे पडतो ते विचारलंय. "होतंय वो असं कधी कधी."

पैसे घेतले नाहीत. "काय केलं त्यात," म्हणाला. ते खरंच होतं, आणि माझी तक्रारही तीच आहे. मला माझ्या वस्तूचं काय बिघडलं ते समजलं पाहिजे, हा माझा जुना आजार. बरं झालं की पुरे, हे मला पटत नाही. दाढ काढली तर मी ती पुडीत बांधून घरी आणतो.

याचा दोष टेलिफोनच्या लाईनमनकडे जातो. यादोगोपाळ पेठेतल्या वाड्यात आमचा फोन आला १९८९ साली, अर्ज केल्यानंतर इतक्या वर्षांनी की अर्ज कशासाठी केला होता हे आजी विसरली होती. त्याआधी दादांच्या लेटरहेडवर शेजारच्यांचा नंबर आणि पुढे कंसात पी. पी. असायचं. काळा, जड, कुणाच्या डोक्यात घातला तर खटला व्हावा असा तो फोन. पावसाळा लागला की तो मरायचा. मेला की शेजाऱ्यांकडे जाऊन १९८ ला सांगायचं, म्हणजे मेलेल्याची वर्दी दुसऱ्यानेच द्यायची, हे तेव्हाही होतंच. तीन-चार दिवसांनी सायकलवर लाईनमन यायचे. चामड्याची पिशवी, आणि तिच्यात एक विचित्र फोन, नुसताच रिसीव्हर, पाठीवर तबकडी आणि खाली दोन चिमटे.

पण ते सांगायचे. ओसरीवर बसून, चहा बशीत ओतून, सगळं सांगायचे. जमिनीखालच्या केबलमध्ये शेकडो तारा असतात, त्या कागदात गुंडाळलेल्या असतात, आणि बाहेरून शिशाचं आवरण. कुठे एखाद्या जॉइंटाला चीर पडली की पाणी आत शिरतं, कागद भिजतो, तारा एकमेकींशी बोलायला लागतात आणि माणसांचं बोलणं बंद पडतं. "चिमणपुऱ्यातल्या जॉइंटात पाणी गेलंय. वाळवायला घेतलाय." मला ते फार आवडायचं. खड्ड्यात उतरून कुणीतरी आमचं बोलणं वाळवतंय.

दुरुस्ती झाली की ते वाड्यासमोरच्या खांबावर चढत, चिमटे लावत आणि एक्स्चेंजला सांगत, "जरा रिंग मारा हो." आत घरात फोन खणखणायचा. तो कुणाचा आहे, हे आळीतल्या सगळ्यांना ठाऊक असायचं, लाईनमन खिडकीतून ढळढळीत दिसत असायचे. तरी दादा पेपर घडी करून ठेवायचे, सदऱ्याचं वरचं बटण लावायचे, आणि रिसीव्हर उचलून स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सांगायचे. मग "येतंय का ऐकू?" हा एकच आवाज घरात दोनदा यायचा, एकदा खिडकीतून आणि एकदा फोनमधून. दादा अत्यंत गंभीरपणे म्हणायचे, "उत्तम."

देवघरातून आजी विचारायची, "कुणाचा फोन रे?"

"कुणाचा नाही. लाईन बघितली."

"मग वाजला कशाला?" आजी दर पावसाळ्यात हेच विचारायची, आणि दर पावसाळ्यात तिचा चेहरा थोडा उतरायचा.

घरी आलो. मेसेजवर टॅप केलं. गेला. ताईचं उत्तर मिनिटात: 'ती छत्री ह्यांची आहे. तुझी एसटीत राहिली असणार, दर वेळेसारखी.' फोन नीट झाला की असल्या गोष्टीही लगेच पोचतात.

फोन लागतोय का, तेवढं बघायचं राहिलं होतं. इथे माझी एक खोड आहे. तपासायला म्हणून मी जिवंत माणसाला फोन करत नाही. ताईला दुपारी फोन केला तर ती 'हॅलो'च्या ऐवजी 'काय झालं?' म्हणते. भावाला केला तर तो मीटिंगमधून कुजबुजतो. मुलीला केला तर ती दोन तासांनी उलट फोन करून 'काही काम होतं का' विचारते, आणि काम नव्हतं हे सांगणं फार अवघड असतं.

म्हणून मी वाड्याचा नंबर लावतो. वाडा बिल्डरला दिला २०११ साली, त्याच महिन्यात फोन परत केला. नंबर आला तेव्हा लहान होता, वाढत वाढत, पुढे दोन लागून सहा आकडी झाला होता. आता बायकोचा मोबाईल नंबर मला सांगता येणार नाही, पण हा बोटांना येतो. शून्य दोन एक सहा दोन, आणि मग तो.

हे तसं फार सोयीचं आहे. 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असं त्या बाईंना म्हणता यावं, यासाठी माझ्या फोनला टॉवर सापडावा लागतो, टॉवरला पुढचं एक्स्चेंज, आणि त्या एक्स्चेंजमध्ये कुणीतरी तो नंबर खरोखर शोधून, नाही बुवा, म्हणून परत यावं लागतं. अख्खा रस्ता तपासून होतो. पैसे पडत नाहीत. कुणी दचकत नाही.

लावला. क्षणभर शांतता. मग त्या बाई बोलल्या, आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मी तिन्ही ऐकले. आवाज स्वच्छ येत होता.

"कुणाला लावला होतात?" बायकोने आतून विचारलं.

"कुणाला नाही," मी म्हणालो. "लाईन बघितली."