तुम्ही विचारलंत म्हणून: साहेबांचं रेकॉर्ड आणि माझी नोकरी

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकते, म्हणजे पुढच्या गणपतीत तरी आरतीनंतरचा प्रसाद मला निवांत खाता येईल. प्रश्न ठरलेला असतो: "तुझ्या त्या खासदाराचं व्होटिंग रेकॉर्ड बघितलंस का? आणि तरी तू त्याच्याकडे नोकरी करतेस?" मग फोन पुढे येतो, त्यावर स्क्रीनशॉट. लंडनच्या आसपासची आपली मंडळी विचारतात, मराठी शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आया विचारतात, आणि कोल्हापूरहून माझा मावसभाऊ, दादा, तर न चुकता विचारतो.

बघितलंय हो. तुमच्या आधी बघितलंय. ते वाचून चिडलेल्या माणसांचे फोन मीच उचलते.

साहेब म्हणायची सवय गावाकडची. इथे त्यांना ऑफिसातला नवशिका पोरगाही नावाने हाक मारतो, पण मला नाव लिहायचं नाही. ते मागच्या बाकावरचे. मंत्रिपद नाही, मिळेल अशी आशाही त्यांनी केव्हाच सोडली आहे. मी वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटिश संसदेत, नसते. मतदारसंघात, चिप्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून लोकांची कामं बघते: भिंतीला आलेली ओल, अडकलेला व्हिसा, शाळेतला प्रवेश, कापली गेलेली पेन्शन.

आधी तुमच्या आवडीचा विषय घेऊ, व्हिसा. २०२४च्या एप्रिलमध्ये नवराबायकोला इथे आणण्यासाठीची उत्पन्नाची अट १८,६०० पौंडांवरून २९,००० वर गेली. आपल्यातल्या कितीतरी नव्या जोडप्यांची त्यात फरफट झाली. "यावर तुझ्या साहेबांनी मत का नाही दिलं?" कारण त्यांच्यापुढे मतदान आलंच नाही! हे नियम कायदा म्हणून मंजूर होत नाहीत. १९७१च्या इमिग्रेशन कायद्यानुसार गृहमंत्री बदलांचं निवेदन संसदेपुढे ठेवतात, आणि चाळीस दिवसांत सभागृहाने ते नामंजूर केलं नाही तर ते उभं राहतं. साहेब तेव्हा विरोधी बाकांवर होते. त्यांनी लेखी प्रश्न विचारले, छापील साच्यातली उत्तरं आली, ती मी फायलीत लावली. तुमच्या संसाराला सगळ्यात जास्त झोंबलेला निर्णय तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये कुठेच नाही. (आणि हो, भारतीय पासपोर्टवरसुद्धा, राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून, इथे राहणाऱ्यांना संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. नाव नोंदवलंत का, असं मी विचारलं की लगेच भजी संपत आल्याची आठवण होते.)

दुसरं, गैरहजेरी. मतदानाची घंटा वाजते आणि आठ मिनिटांनी लॉबीचे, म्हणजे ज्यातून चालत जाऊन मत नोंदवायचं त्या दालनांचे, दरवाजे बंद होतात. हो म्हणणारे एका लॉबीतून जातात, नाही म्हणणारे दुसऱ्या. तिसरी लॉबी नाही. तटस्थ राहायचं तर बहुतेक जण जातच नाहीत, आणि मग नावापुढे जागा कोरी. माणूस हॉस्पिटलात होता, समोरच्या पक्षातल्या कुणाशी जोडी ठरवून दोघेही घरी थांबले होते, की तोंड लपवून चहा पीत बसला होता, हे त्या कोऱ्या जागेवरून कळत नाही. २०१८ साली खासदार जो स्विन्सन बाळंतपणाच्या रजेवर असताना त्यांच्याशी अशी जोडी ठरवलेल्या समोरच्या पक्षातल्या खासदाराने शब्द मोडून मत दिलं. म्हणून २०१९च्या जानेवारीत खासदार ट्युलिप सिद्दीक यांनी सिझेरियन पुढे ढकललं आणि व्हीलचेअरवरून मत द्यायला आल्या. त्यानंतर कुठे बाळंतपणात दुसऱ्यामार्फत मत देण्याची सोय झाली. तुम्ही त्या कोऱ्या जागेला सरसकट दांडी म्हणता.

पण तुमचा स्क्रीनशॉट कोऱ्या जागेचा नसतो, हे मला माहीत आहे. तो १० सप्टेंबर २०२४चा असतो.

त्या जुलैच्या शेवटी नव्या मजूर सरकारने, म्हणजे साहेबांच्याच पक्षाने, जाहीर केलं, की हिवाळ्यातला इंधनभत्ता यापुढे फक्त पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या निवृत्तांना मिळणारी सरकारी पुरवणी) किंवा तत्सम मदत घेणाऱ्या निवृत्तांनाच मिळेल. एका घराला २०० पौंड, घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर ३००. ऑगस्टभर आमचा फोन थंड झाला नाही. त्यात एक बाई होत्या. वय त्र्याऐंशी, एकट्या, नवऱ्यामागे त्याच्या कंपनीची थोडीशी पेन्शन. एकट्या माणसासाठी पेन्शन क्रेडिटची मर्यादा तेव्हा आठवड्याला २१८ पौंड १५ पेन्स होती आणि बाई त्या रेषेच्या जेमतेम दोन पौंड वर. मी फोनवर बेरीज करून दाखवली. मग त्यांनी मला करून दाखवली. जन्मभर दुकानाचे हिशेब लिहिलेली बाई, पेन्ससुद्धा सोडला नाही.

एक वाट होती. गुडघे, हात, तोल, यामुळे अंघोळ-कपड्यांना मदत लागत असेल तर अटेंडन्स अलाउन्स मिळतो. तो मिळाला आणि माणूस एकटा राहत असला, की पेन्शन क्रेडिटची मर्यादा आठवड्याला ८१ पौंड ५० पेन्सनी वर सरकते. म्हणजे बाई आत, आणि भत्ताही परत. मी हे समजावून सांगितलं. "मी अपंग नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मतदानाच्या आदल्या दिवशी साहेबांनी माझ्याकडून मतदारांसाठी दोन पत्रं लिहून मागितली. एक, 'मी या कपातीच्या विरोधात मत दिलं, कारण'. दुसरं, 'मी नाइलाजाने सरकारच्या बाजूने मत दिलं, कारण'. पहिलं भराभर झालं. दुसऱ्याला संध्याकाळ गेली. सार्वजनिक तिजोरीतली तूट, आधीच्या सरकारने मागे ठेवलेली देणी, पेन्शनमध्ये पुढच्या वर्षी होणारी वाढ, गरजूंनी पेन्शन क्रेडिटसाठी अर्ज करावा म्हणून मदतीचा हात. लिहून झाल्यावर वाचलं, तर दुसरंच जास्त चांगलं उतरलं होतं. हे मला अजून सलतं.

हे मतदानसुद्धा होणार नव्हतं, बरं का. कपातीचे नियम आपोआप लागू व्हायचे होते. विरोधकांनी ते रद्द करण्याचा प्रस्ताव आणला, म्हणून घंटा वाजली. त्यामुळे 'हो' म्हणजे कपात रद्द करा, 'नाही' म्हणजे राहू द्या. मी ऑफिसातल्या संगणकावर बघत होते. हो २२८, नाही ३४८. मजूर पक्षातून जॉन ट्रिकेट हे एकटेच विरोधकांच्या लॉबीत गेले, आणि पन्नासहून अधिक जणांच्या नावापुढे कोरी जागा. साहेब त्या कोऱ्या जागेत असतील, असा माझा अंदाज होता. नावांची यादी यायच्या आत त्यांचा मेसेज आला: "दुसरं पाठव."

पाठवलं. शेकडो माणसांना, माझ्या शब्दांत, त्यांच्या सहीने.

शुक्रवारी ते लोकांना भेटायला ऑफिसात आले तेव्हा मी विचारलंच. आधी ते सरळ बोलले: जुलैत, मुलांसाठीची सरकारी मदत पहिल्या दोन अपत्यांपुरतीच देण्याच्या नियमावर, सरकारविरुद्ध मत दिलं म्हणून सात जणांना पक्षाच्या गटातून काढलं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. मग म्हणाले, आपल्या स्टेशनला लिफ्ट हवी आहे, त्यासाठी मंत्र्याची दहा मिनिटं मला लागतात, आणि बंडखोराला ती मिळत नाहीत. मी म्हटलं, मग गैरहजर तरी राहायचं. ते म्हणाले, "त्याला मी पळपुटेपणा म्हणतो." आता यातलं कुठलं कारण खरं आणि कुठलं मला बरं वाटावं म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन. "तुमच्या साहेबांचं पत्र वाचलं. तो फॉर्म आणा." मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तो जाडजूड फॉर्म भरला. जिना चढताना किती वेळा थांबावं लागतं, पाठ कोण घासतं, हे सगळं एका परक्या बाईला सांगायचं. दर दोन ओळींनी त्या म्हणायच्या, "हे नका लिहू." मी लिहिलं. त्या हिवाळ्याचा भत्ता हवा तर पेन्शन क्रेडिटचा अर्ज २१ डिसेंबरपर्यंत जायला हवा होता, तो गेला. अलाउन्स मंजूर झाला, क्रेडिट झालं, भत्ताही आला. वर्षाचा हिशेब केला तर गेलेल्या ३०० पौंडांच्या कितीतरी पट.

हे कुठल्या रेकॉर्डमध्ये येतं, सांगा? असं मी बरेच दिवस सगळ्यांना ऐकवत होते. दादालाही ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे साहेबांनी विहिरीत ढकललं आणि पगार देऊन तुला दोर सोडायला बसवलं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि ज्यांनी फोनच केला नाही त्यांचं काय? त्या वेळी सरकारचाच अंदाज होता, की ८ लाख ८० हजारांपर्यंत कुटुंबं हक्काचं पेन्शन क्रेडिट मागतच नाहीत. त्यांच्याकडे कोण गेलं होतं फॉर्म घेऊन?

पुढे २०२५च्या जूनमध्ये सरकारनेच माघार घेतली. इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवृत्तांना भत्ता पुन्हा सुरू झाला. निर्णय गेला, साहेबांचं 'नाही' राहिलं. त्यांच्या जागी मी असते तर मला हे फार लागलं असतं. ते म्हणतात, राहू दे, दिलंच होतं.

दादाचा आणखी एक मुद्दा. आपल्याकडे १९८५च्या पक्षांतरबंदीपासून व्हिप मोडला तर आमदारकी-खासदारकीच धोक्यात येते. महाराष्ट्रात २०२२नंतर त्यावरून काय रामायण झालं ते तुम्हाला मी काय सांगणार. इथे व्हिप मोडला तर पक्ष गटातून काढतो, जागा जात नाही. ते सात जण खासदार म्हणून बसतच होते. हे मी मोठ्या अभिमानाने सांगायला गेले, तर दादा म्हणाला, "म्हणजे तुझ्या साहेबांना मोकळीक होती आणि तरी त्यांनी वापरली नाही." बरोबर आहे. माझाच मुद्दा माझ्यावर उलटला.

एकच मत असं आहे, की ते कसं ठरलं हे मी जवळून पाहिलं. २९ नोव्हेंबर २०२४, मरणासन्न रुग्णांना इच्छामरणासाठी मदत देण्याचं विधेयक, ३३० विरुद्ध २७५. व्हिप नव्हता. साहेब कित्येक आठवडे डॉक्टरांना भेटत होते, शेवटच्या आजाराच्या रुग्णांच्या घरी जात होते, आलेली पत्रं घरी नेऊन वाचत होते. मी या वेळी किती पत्रं तयार ठेवू असं विचारलं, तर म्हणाले, हे मीच लिहीन. त्यांनी दिलेलं मत मला मान्य नाही. माझे वडील ज्या तऱ्हेने गेले ते पाहिल्यावर तर अजिबात नाही. पण त्यांचा आदर मला त्या दिवशी जेवढा वाटला तेवढा कधी वाटला नाही. रेकॉर्डमध्ये ते मत आणि भत्त्याचं मत शेजारी शेजारी, एकाच मापाच्या अक्षरांत.

मंडळात एक काका लगेच दादाभाई नौरोजींचं नाव काढतात: असा हवा खासदार. घ्या, दादाभाईंचंच घ्या. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक, १८९२ला लंडनच्या फिन्सबरीतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आलेले. १८९३च्या जूनमध्ये आयसीएसची, म्हणजे सनदी नोकरीची, परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी हा ठराव सभागृहात ८४ विरुद्ध ७६ मतांनी जिंकला. आणि सरकारने तो बाजूला ठेवला. हिंदुस्थानात परीक्षा सुरू झाली १९२२मध्ये, दादाभाई वारल्यावर. त्यांच्या मागोमाग संसदेत आलेले मुंबईचेच मंचेरजी भावनगरी तर हुजूर पक्षाचे, काँग्रेसवाल्यांच्या लेखी सरकारचे होयबा. पण दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचं गाऱ्हाणं तेच सभागृहात पुन्हा पुन्हा मांडत राहिले. काका म्हणतात, हे तू साहेबांना वाचवायला सांगतेस. थोडंफार तसंच आहे.

या नोकरीआधीची मी यातलं काही ऐकून घेतलं नसतं. ती मी आमच्या तेव्हाच्या खासदाराला मतांची यादी जोडून तिखट ईमेल पाठवायची, शेवटी 'उत्तराची अपेक्षा आहे' असं ठळक अक्षरांत. उत्तर यायचं, गुळगुळीत. ते कुणीतरी चिप्सच्या दुकानावर बसून लिहिलेलं असणार, हे आता कळतं. पण ते कळलं म्हणून ती चुकली असं मला म्हणता येत नाही. तिचं म्हणणं साधं होतं: कामं कुणीही करून देईल, मत फक्त हाच माणूस देऊ शकतो. मी तिला बाईंचा फॉर्म दाखवते, ती मला दुसरं पत्र दाखवते. आमचं रोज चालतं.

बाईंचा फोन अजून येतो. आता बसचा मार्ग बदलला म्हणून तक्रार आहे. मागच्या वेळी त्यांनी सांगून टाकलं, तुम्ही चांगल्या आहात, पण त्याला मी मत देणार नाही. मी ते नोंदवून घेतलं आणि साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे त्यांचं. मग त्यांनी विचारलं, पुढच्या निवडणुकीत सुट्टीच्या दिवशी पत्रकं वाटायला येशील ना? मी म्हटलं, लिफ्टचं काय झालं ते आधी सांगा.