पाटण्याच्या डोंगरातले दगड जागेवरच राहू द्या

चाळीसगावहून पाटणादेवीला येणारी माणसं दर्शन घेतात, धवलतीर्थ बघतात. कुणी भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, कोरवलेला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेखही विचारतात. पण याच डोंगराच्या पायथ्याशी, पाटणे गावाजवळ, १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ डॉ. एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. एका तुकड्यावर तर आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी कोरलेली होती. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा! ही गोष्ट आपल्या खान्देशातल्या किती पोरांना माहीत आहे?

म्हणून वनखात्याची परवानगी काढून आम्ही काही जण गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात अश्मयुगातल्या दगडी हत्यारांसाठी जमिनीच्या पृष्ठभागाची पाहणी करतो. ती उन्हाळ्यातच जमते. पावसाळ्यानंतर गवत कमरेला लागतं. मार्चपासून पानगळ होऊन जमीन उघडी पडते. दहा-दहा पावलांचं अंतर ठेवून एका रांगेत चालायचं, नजर खाली. काही दिसलं की शेजारी खुणेची झेंडी रोवायची, पट्टी ठेवून फोटो काढायचा, जीपीएस नोंदवायचं. उचलून खिशात टाकायचं नाही.

नाल्याच्या काठी मला एक दगडी पातं दिसलं. नखाएवढं, दुधाळ गारगोटीचं, उन्हात धरलं असतं तर आरपार उजेड दिसला असता. पाठीवर दोन समांतर खाचा, म्हणजे त्याच गाभ्यावरून, ज्यावर ठोकून पाती सोडवतात त्या मूळ दगडावरून, आधी दोन पाती काढली होती. पाण्याने घासलेला खडा गोल होतो. असा नेमका फुटत नाही. तेवढ्यात बकऱ्या घेऊन आलेल्या बाबांनी विचारलं, "काय देखी राह्यनात भाऊ?" दाखवल्यावर ते वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि दुसऱ्या काठाकडे हात करून म्हणाले, "तठे बी शेतस असा." तिथे खरोखर पसारा होता: गाभे, ढलप्या, अर्धवट सुटलेली पाती. कुणीतरी तिथे बसून ती घडवली होती. ते कळलं, कारण सगळं अजून एकाच जागी होतं.

बिबट्यासाठी राखलेलं जंगल या दगडांनाही राखतं, हे खरं. इथे नांगर फिरत नाही. पण उतारावर दगडी बांध घालताना आसपासचेच दगड गोळा केले जातात, वनतळ्यासाठी जेसीबी चालतो, आणि एका सकाळीत असा पसारा जातो. माझं एवढंच मागणं आहे: आमच्या नोंदींचा नकाशा वनरक्षकांच्या हाती असावा आणि खोदकामाची जागा ठरवण्याआधी तो उघडून बघावा. यंदाच्या नोंदी आम्ही त्यासाठीच मराठीत, नाल्याच्या आणि पाड्याच्या स्थानिक नावांनिशी लिहून काढतो आहोत.