वहिनीला दिसेनासं झालं तेव्हा

बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी वहिनीने विचारलं, "लाइट गेली का?" ट्यूब तर डोक्यावर चालू होती! सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं. आम्ही जागरणावर ढकललं. (चहा नि बाम, आपलं ठरलेलं.) मग फिट आली. दवाखान्यात बीपी १९०/११०. सीटी स्कॅन नॉर्मल, तरी डॉक्टरीणबाई एमआरआयसाठी अडून बसल्या, ते बरंच झालं. फिल्मवर मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचं केंद्र असतं तिथेच, दोन्हीकडे पांढुरके ढग. सूज. आजाराचं नाव 'प्रेस' (PRES), म्हणजे बीपी भडकल्यावर मेंदूच्या मागच्या भागाला येणारी आणि बहुधा ओसरणारी सूज. हे नाव तसं नवंच, १९९६ नंतरचं. फिट पुन्हा येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सुरू झालं, बीपी हळूहळू उतरवलं. तिसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्सं, टिकली वाकडी लागलीय तुमची."