आबांचा हात आणि आपला सप्ताह

यंदाही आपल्या मंडळाच्या सप्ताहाचा नारळ वाढला, शाली-श्रीफळं झाली, पाहुण्यांची दोन-दोन शब्दांची भाषणं पंधरा-पंधरा मिनिटं चालली. ते सगळं दरवर्षीसारखंच, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते आबांबद्दल, आपल्या मंडळाच्या मृदंगवाल्याबद्दल. श्रावण वद्य द्वितीयेला वीणा उभी राहिली तेव्हा मृदंगाच्या जागेवर पहिल्यांदाच दुसरं कोणी होतं.

नव्या पोरांना मंडळ म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा ग्रुप वाटतो, म्हणून थोडं मागचं. हे मंडळ मुंबईच्या गिरणगावातलं, घाटावरून गिरणीत आलेल्या माणसांनी गावकीच्या गाळ्यात सुरू केलेलं. एका खोलीत वीस-वीस माणसं पाळीपाळीने झोपायची, तिथेच भिंतीला टाळ टांगलेले असायचे. सप्ताहाचे पहारेसुद्धा गिरणीच्या भोंग्यावर लावलेले असत. दुसरी पाळी सुटलेले जागराला बसत, रातपाळीवाले तसेच कापसाच्या तुसांसकट सकाळी येत, पहिल्या पाळीवाले हरिपाठाला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हे गणित मोडलं. कोणी गावी गेले, कोणी पुढे कल्याण, बदलापूर, विरारला खोल्या घेतल्या. सप्ताह तेवढा जागेवर राहिला. यात आबांचा वाटा किती, हे ज्यांनी ती वर्षं पाहिली त्यांना सांगायला नको.

सप्ताह म्हणजे आधी पहारे. वीणा सात दिवस, सात रात्री गळ्यातून खाली उतरत नाही. दोन तासांचा एक पहारा धरला तर दिवसाला बारा, सप्ताहाचे चौऱ्याऐंशी. प्रत्येक पहाऱ्याला एक वीणेकरी आणि निदान दोन टाळकरी. पहारा बदलताना येणाऱ्याने आधी पाया पडायचं, जाणाऱ्यानेही त्याच्या पाया पडायचं आणि मग वीणा गळ्यात घ्यायची. गडबड होते ती पहाटे दोन ते चारच्या पहाऱ्याला. त्या वेळी बदली आला नाही तर आधीचा वीणेकरी चार तास उभा. आबा मृदंगाचे, वीणा त्यांच्याकडे नव्हती, पण दोनला उठून मंडपात चक्कर मारायची त्यांची सवय होती. कोणाचा पहारा, तो खोलीत झोपलाय की आलाय, हे त्यांना पाठ असायचं. उठवायला गेले की दारावर थाप मारत नसत, बोटांनी ठेका धरत. त्या ठेक्याला जाग न येणारा माणूस आमच्या चाळीत एकच होता, त्याचं नाव इथे घेत नाही.

आता मृदंग. आबांकडे दोन होते, दोन्हींची खोडं खैराची. एक काळी दोनचा, एक पांढरी चारचा (पेटीच्या पट्ट्या). गळ्यात अडकवून दोन तास कीर्तनात उभं राहायचं तर आठ-दहा किलोचं ओझं मानेवर येतं, म्हणून पट्टा रुंद हवा आणि खांद्यावरून तिरका हवा. निव्वळ मानेवर घेणाऱ्याचा उजवा हात तासाभरात जड होतो आणि बोटं उजव्या अंगाच्या काळ्या शाईवरून घसरायला लागतात. दोन मृदंग ठेवायचं कारणही साधं होतं. वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकून स्वर अर्धा, फार तर एक सूर वर-खाली नेता येतो. त्यापलीकडे ओढलं की वादी (ताणाची चामडी दोरी) तुटते किंवा पुडी (तोंडावरचं चामडं) काठावर फाटते, आणि ती नेमकी कीर्तन रंगात आल्यावर फाटते.

श्रावणात मुंबईच्या हवेत चामडं ओल धरतं आणि स्वर उतरतो. दुपारी नीट लावलेला मृदंग संध्याकाळी हरिपाठाला बसकाच वाजणार. त्यामुळे आबा हरिपाठाच्या अर्धा तास आधी पेटीवाल्याला सा धरायला लावत. आधी गट्ट्यांनी ढोबळ स्वर, मग गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या काठावरच्या विणीवर, हातोडी. वरून मारली की स्वर चढतो, खालून मारली की उतरतो. एका घराला (दोन वाद्यांमधल्या भागाला) ठोकलं की लगेच समोरचं घर ऐकायचं, शेजारचं नाही, नाहीतर पुडी एका बाजूला ओढली जाते आणि सगळी घरं फिरूनही स्वर एक होत नाही. बारीक फरक राहिला तर पोरं म्हणत, ‘चालतंय की आबा, माईकवर कळत नाय.’ आबा काही न बोलता पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात करत.

डाव्या अंगाची कणीक ते कोणाला लावू देत नसत. बाकी सगळं शिकवलं, हे मात्र शेवटच्या दोन-तीन वर्षांत शिकवलं. म्हणून इथे लिहून ठेवतो. गव्हाची कणीक बारीक चाळणीने चाळायची. मीठ नाही, तेल नाही. पोळीच्या कणकेपेक्षा थोडी सैल मळायची आणि दहा मिनिटं ओल्या फडक्याखाली ठेवायची. पुडीच्या मधोमध ओला तळवा एकदाच फिरवायचा. पाणी जास्त झालं तर श्रावणात चामडं आणखी सैल पडतं. मग मूठभर गोळा मध्ये दाबून कडेकडे पातळ करत न्यायचा, काठ मोकळा ठेवायचा. उघड्या पंजाने थाप मारून पाहायची. उजव्या अंगाच्या सा च्या खालचा सा मिळाला पाहिजे. स्वर वर राहिला तर कणीक वाढवायची, नुसताच धप्प आवाज आला तर खरवडून कमी करायची. तासाभराने कणीक सुकते आणि आवाज कोरडा होतो, तेव्हा बोटाने पाण्याचा शिपका. आणि वाजवून झालं की लगेच काढायची. सकाळी काढू म्हणून ठेवली तर ती वाळून चामड्याचा पापुद्रा घेऊन निघते. शिवाय चाळीत उंदरं आहेत आणि त्यांना कणीक कळते. पुसून झाल्यावर मांजरपाटाची खोळ. ती खोळ गिरणीच्या कापडाची होती, अजून शाबूत आहे.

हे झालं मृदंगाचं. आबांचा हात कळायचा तो हरिपाठाला.

तीस-पस्तीस टाळकरी समोरासमोर उभे, पावली (तालावरची पावलं) सुरू, लय ठाय, म्हणजे संथ. दोन-चार अभंग नीट जातात. मग पोरांच्या पायात जोर येतो, टाळ थोडे आधी पडायला लागतात, पेटीवाला त्यांच्या मागे धावतो आणि बघता बघता लय पळते. चालवणाऱ्याच्या तोंडात शब्द मावत नाहीत, मागचे म्हातारे पावली सोडून उभे राहतात. अशा वेळी बहुतेक मृदंगवाले जोर लावतात, भरणा, म्हणजे मधले जास्तीचे बोल, वाढवतात. त्याने लय आणखी पळते. आबा उलट करत. भरणा सगळा काढून टाकत. उजवा हात हलका, डाव्याची थाप फक्त समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर), भारी आणि किंचित रेंगाळलेली. आठ मात्रांचा उघडा भजनी ठेका, बाकी काही नाही. चार-पाच आवर्तनांत टाळ आपोआप त्या थापेची वाट बघायला लागत. कोणाला ‘हळू घ्या’ म्हणायची वेळ येत नसे. मग सगळे एका ठिकाणी आले, पावली एक झाली, की शेवटच्या अभंगांना आबा स्वतः लय वाढवत, पण पायरी-पायरीने, आणि टाळ्यांच्या गजराला जो द्रुत सोडत तो थेट नामाच्या घोषावर नेऊन तोडत. किती वर्षं ऐकलं तरी त्या रेंगाळलेल्या थापेला अंगावर काटा यायचा. बाहेरून येणारे मोठे मृदंगाचार्य आम्ही ऐकले आहेत, त्यांची तयारी, त्यांचे तोडे आबांना कधी जमले नसते. पण पस्तीस माणसांना न बोलता ताळ्यावर आणणारा हात मला तरी दुसरा माहीत नाही. इथे माझा पक्षपात आहे, तो राहू द्या.

अष्टमीच्या कृष्णजन्माच्या कीर्तनालाही आबांचा हात असाच कळायचा. रात्री दहानंतर स्पीकर बंद, पोलीस येऊन बघून जातात. मंडळातल्या काहींना त्याचं अजून दुःख आहे. माझं मत वेगळं आहे. माईक बंद झाल्यावरच आपल्याकडे मृदंग ऐकू येतो. स्पीकरवर डावं अंग घुमून चाळीच्या भिंतींवर आपटतं आणि त्यात शब्द बुडतात. (दिवसा लावायचाच तर माईक डाव्या अंगापासून वीतभर लांब आणि थोडा खाली, हे स्पीकरवाल्याला दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.) बाराला पाळणा झाला, सुंठवडा वाटला की अर्धा मंडप उठतो. शेवटची कल्याण गाठायची असते, त्यांना दोष नाही. उरलेल्यांसाठी आबा बसून वाजवत, अगदी हळू, जागर संपेपर्यंत.

एरवी आबा बोलणारे नव्हते. पण काल्याच्या कीर्तनानंतर आभार त्यांनीच मानायचे, हे कधी ठरलं कोणास ठाऊक. हातात कागद नसे. अध्यक्ष, नगरसेवक वगैरे एका वाक्यात उरकत आणि मग खरी माणसं सुरू होत. अमक्या बाईंनी सात दिवस काकड्याला चहा केला, तमक्याने पावसात ताडपत्री धरली, अगदी हंडीची दोरी कोणी बांधली तेसुद्धा. ज्याचं नाव आलं तो खाली बघायचा. मला कीर्तनापेक्षा ती दहा मिनिटं जास्त आवडायची, हे कीर्तनकार महाराजांची क्षमा मागून सांगतो.

यंदा ते आभार नीट झाले नाहीत, घाईत उरकले गेले. म्हणून इथे, आबांच्या क्रमाने. चार वाजताच्या काकड्याला सातही दिवस चहा देणाऱ्या तळमजल्यावरच्या मावशी आणि त्यांची सून. ज्ञानेश्वरी पारायणाला सकाळी साडेसहाला आसनं मांडणाऱ्या दोघी बहिणी. दादरहून पहाटे फुलं आणणारा टॅक्सीवाला, तो माळकरी नाही पण एक दिवस चुकला नाही. मृदंगाची उजवी पुडी आठ दिवसांत मढवून देणारे कारागीर. पेटीची फाटलेली भात्याची घडी चिकटवून देणारे काका. दूधवाले. पाण्याची मोटर बंद पडल्यावर तिसऱ्या मजल्यावरून पाणी देणारी सगळी बिऱ्हाडं. मंडपवाले आणि त्यांचा तो बारका पोरगा, जो शिडीवर चढून ताडपत्रीत साचलेलं पाणी बांबूने उडवत होता. आचारी आणि त्यांचे चार गडी: ४०० पानांना ४० किलो तांदूळ, १२ किलो तूरडाळ, १० किलो रवा, आणि शिरा तळाला लागला नाही. मसाला लालबागच्या ओळखीच्या दुकानातून घरच्या भावात आला, त्या दुकानदारांचे. काल्यासाठी पोहे, दही, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, काकडी, आलं-मिरची आणि लिंबाचं लोणचं कालवणाऱ्या वहिनींचे. दही आंबट निघालं त्यात त्यांचा दोष नाही, दुपारपर्यंत कीर्तन लांबलं. बादल्या घासणाऱ्या पोरांचे. चपला सांभाळणाऱ्या आजोबांचे. मंडप उतरल्यावर शेवटी झाडू मारणाऱ्या दोघांचे. आणि गावाहून एसटीने गुळाची ढेप घेऊन आलेल्या पाहुण्यांचे, त्यांना बसायला पाट मिळाला नाही. कोणी राहिलं असेल तर मला फोन करून सांगा, रागावून बसू नका. पुढच्या खेपेला पहिलं नाव तुमचं.

हजेरीबद्दलही बोललं पाहिजे. काकड्याला सरासरी नऊ माणसं आणि काल्याच्या पंगतीला चारशे. नवमीला दहीहंडी असते, पोरं सकाळीच टी-शर्ट घालून ट्रकवर चढतात, थर लावायला पाहिजेतच, मान्य. पण सात दिवसांत एक हरिपाठ? कल्याणचे सत्तरीतले दोघे रोज लोकलने येऊन परत जात होते, त्यातल्या एकाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. चाळीतल्याच खोलीत बसून कीर्तन मोबाईलवर लाईव्ह बघणाऱ्यांना हे वाचताना आपापलं कळेल.

मृदंग यंदा आबांच्या नातवाने वाजवला. हरिपाठाला लय पळाली, तिसऱ्या दिवशी तर चांगलीच. त्याने भरणा वाढवला आणि व्हायचं तेच झालं. सहाव्या दिवशी मात्र मधल्या एका अभंगाला त्याने उजवा हात हलका केला. सम भारी आली नाही, वेळेवर आली एवढंच. टाळकऱ्यांतले जुने तिघे-चौघे एकमेकांकडे बघत होते. त्याला वर्षभर दर एकादशीला भजनाला बसवायचं ठरलंय, पेटीवाल्यांनी यायचं कबूल केलंय. टाळकरी कमी आहेत. पांढरी चारच्या मृदंगाच्या दोन वाद्या बदलायला झाल्या आहेत, त्या दिवाळीआधी बदलून घ्यायच्या, म्हणजे थंडीत ताण धरतील. पुढच्या वर्षीच्या पहाऱ्यांचा तक्ता तळमजल्यावरच्या फळ्याला लावलाय. रात्री दोन ते चारचे सातही पहारे अजून रिकामे आहेत.