होमग्रोन कोण, परका कोण

हिवाळ्यात शनिवारी साडेआठचा सामना संपला की फोंड्यापासून म्हापशापर्यंत रस ऑम्लेटच्या गाड्यांवर एकच वाद पेटतो. इंग्लंडच्या मोठ्या फुटबॉल क्लबांनी स्वतःच्या अकादमीत शिकवलेल्या घरच्या पोरांना खेळवायचं की बाहेरून तयार माणसं आणायची? आर्सेनलवाले साकाचं नाव पुढे करतात, मँचेस्टर सिटीवाले फोडेनचं, आणि चेल्सीवाल्यांना कुणीतरी विचारतंच, ‘तुमची पोरं कुठे गेली?’ हा वाद व्हायलाच हवा. पण बहुतेक वेळा तो चुकीच्या जागेवरून सुरू होतो. इंग्लंडच्या नियमात घरच्या खेळाडूला ‘होमग्रोन’ म्हणतात, आणि होमग्रोन म्हणजे इंग्लिश, असं गृहीत धरलं जातं. तसं ते नाही.

गोव्यात हा गैरसमज होणं साहजिक आहे, कारण आपल्याकडचा नियम पासपोर्टवर चालतो. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा परदेशी चालत, 2017-18 पासून पाच आणि 2021-22 पासून चार. फातोर्ड्यावर एफसी गोवाचा सामना बघताना आपण अकरातले परदेशी मोजतो आणि हिशेब संपतो. इंग्लंडमध्ये मैदानावरच्या अकरांवर कसलीच मर्यादा नाही. मर्यादा आहे ती नोंदणीच्या यादीवर, आणि तिथे पासपोर्ट कुणी विचारत नाही. खेळाडू कुठे घडला, एवढंच बघतात.

प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगचा, हा नियम 2010-11 च्या हंगामापासून लागू आहे. क्लबला 25 जणांची यादी द्यावी लागते आणि त्यात होमग्रोन नसलेले जास्तीत जास्त 17 असू शकतात. एकवीस वर्षांखालच्यांना यादीत जागा लागत नाही, ते कितीही चालतात. यातलं ‘एकवीस’ म्हणजे हंगाम सुरू होतो त्या वर्षाच्या 1 जानेवारीला एकवीस पूर्ण नसणं. 2025-26 साठी 1 जानेवारी 2004 किंवा त्यानंतर जन्मलेला खेळाडू त्यात बसतो. आणि होमग्रोन कोण? एकविसावा वाढदिवस, किंवा तो ज्या हंगामात येतो त्या हंगामाचा शेवट, याच्या आधी तीन पूर्ण हंगाम अथवा 36 महिने इंग्लंड किंवा वेल्सच्या फुटबॉल संघटनेशी संलग्न क्लबकडे नोंद असलेला. सलग असण्याची गरज नाही. लोनवर, म्हणजे उसना म्हणून, दुसऱ्या इंग्लिश क्लबकडे काढलेला काळही धरला जातो.

नियम असा वाचला की काय काय घडतं ते बघा. सेस्क फाब्रेगास स्पेनचा, विश्वचषक जिंकलेला. पण सोळाव्या वर्षी, 2003 मध्ये आर्सेनलमध्ये आला, म्हणून होमग्रोन. 2014 मध्ये बार्सिलोनातून चेल्सीत परतला तेव्हाही होमग्रोनच. पोग्बा फ्रान्सचा, 2009 ते 2012 मँचेस्टर युनायटेडमध्ये होता, म्हणून 2016 च्या पुनरागमनात होमग्रोन. नेदरलँड्सचा नेथन आके 2011 मध्ये चेल्सीच्या अकादमीत आला, तोही होमग्रोन. आता उलटी बाजू. अँडी रॉबर्टसन स्कॉटलंडचा कर्णधार. 2014 मध्ये विसाव्या वर्षी हल या इंग्लिश क्लबमध्ये आला, त्याआधीचं सगळं शिक्षण स्कॉटलंडमध्ये. त्यामुळे लिव्हरपूलच्या यादीत तो वर्षानुवर्षं परक्यांच्या सतरातली जागा घेत राहिला. एरिक डायर तर इंग्लंडकडून खेळलेला, जन्मही तिथलाच. पण फुटबॉल शिकला लिस्बनच्या स्पोर्टिंगमध्ये आणि टॉटनहॅममध्ये 2014 ला आला, म्हणून होमग्रोन नाही. ‘आमच्या संघात अमुक इतके होमग्रोन आहेत’ असं कुणी म्हटलं, तर त्यावरून इंग्लिश किती ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट वादात हमखास चुकते. ‘आठ होमग्रोन सक्तीचे’ असं म्हणतात. सक्ती कुणावरच नाही. पाचच असतील तर 17 अधिक 5, म्हणजे 22 ची यादी द्यायची, तीन जागा रिकाम्या ठेवायच्या. दंड एवढाच. म्हणून क्लब या जागा स्वस्तात भरतात, आणि सगळ्यात सोपी जागा तिसऱ्या गोलरक्षकाची. चेल्सीने 2018 मध्ये रॉब ग्रीनला घेतलं, सिटीने स्कॉट कार्सनला, युनायटेडने टॉम हीटनला. सरावाला आणि ड्रेसिंग रूमला अशा माणसांचा उपयोग असतोच. पण तिशी-पस्तिशीतला अनुभवी गोलरक्षक यादीत बसवून अकादमीतल्या एकाही पोराला मिनिटभरही जास्त मिळत नाही.

चॅम्पियन्स लीगसारख्या युरोपातल्या स्पर्धांसाठी युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, नियम अधिक कडक आणि माझ्या मते अधिक शहाणा आहे. 25 च्या ‘अ’ यादीत आठ जागा स्थानिक घडणीसाठी राखीव. त्यातल्या चार जागा फक्त त्याच क्लबमध्ये घडलेल्यांसाठी, म्हणजे 15 ते 21 या वयात तीन हंगाम किंवा 36 महिने तिथेच नोंद असलेल्यांसाठी. उरलेल्या चारमध्ये त्याच देशातल्या इतर क्लबांत घडलेले चालतात. फाब्रेगास आर्सेनलसाठी पहिल्या गटात बसला असता, चेल्सीसाठी मात्र फक्त दुसऱ्या गटात. हा फरक महत्त्वाचा, कारण पहिल्या चार जागा बाजारातून विकत घेता येत नाहीत. त्या आधीच्या सहा-सात वर्षांत घडवाव्या लागतात. ज्या क्लबने आपली पोरं विकून टाकली, त्याची चॅम्पियन्स लीगची यादी आपोआप आखूड होते.

परदेशी आले म्हणून इंग्लंडचा राष्ट्रीय संघ बिघडला, हा मुद्दाही जुना. 26 डिसेंबर 1999 ला प्रशिक्षक व्हियालीच्या चेल्सीने साउदॅम्प्टनविरुद्ध पहिल्यांदा सगळे अकरा परदेशी उतरवले, 14 फेब्रुवारी 2005 ला आर्सेनलच्या अकरा आणि राखीव मिळून सोळा जणांत एकही इंग्लिश नव्हता, आणि 2007 मध्ये इंग्लंड युरोसाठी पात्र ठरला नाही तेव्हा सगळा राग परक्यांवर निघाला. पण 1974 आणि 1978 चे विश्वचषकही इंग्लंडला हुकले होते. तेव्हा इंग्लिश लीगमध्ये परदेशी जवळपास नव्हतेच. 1931 पासूनची दोन वर्षांच्या वास्तव्याची अट 1978 मध्ये उठली आणि त्यानंतर आर्दिलेस आणि व्हिया टॉटनहॅममध्ये आले. परके नसताना हुकलेल्या विश्वचषकांचा दोष परक्यांना कसा देणार? आपल्या गोव्याच्या डेंपो क्लबचंच घ्या. पाच राष्ट्रीय विजेतेपदांच्या त्या काळात पुढे परदेशी रँटी मार्टिन्स आणि बेटो, मागे समीर नाईक आणि महेश गवळी, मधे क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा. रँटीमुळे गोव्याचं पोर लहान झालं असं कुणी म्हणेल का? चांगल्या परक्याशेजारी खेळून घरचा मोठाच होतो, अट एवढीच की तो मैदानावर असायला हवा.

ब्रेक्झिटने या हिशेबात मोठा बदल केला, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते. 1 जानेवारी 2021 पासून इंग्लिश क्लब अठरा वर्षांखालच्या परदेशी खेळाडूला आणू शकत नाहीत. फाब्रेगासची सोळाव्या वर्षीची वाट बंद. अठरा वर्षांवरच्यांनाही गुण मोजून परवाना मिळतो. देशासाठीचे सामने, क्लबकडची मिनिटं, लीगचा दर्जा अशा गोष्टींवरून 15 गुण हवेत. ब्रायटनने 2021 मध्ये जपानच्या मितोमाला घेतलं तेव्हा परवाना मिळेना, म्हणून त्याला वर्षभर बेल्जियमच्या युनियन सँ-जिल्वाजकडे लोनवर पाठवावं लागलं. 2023 पासून थोडी सवलत आहे. गुण न भरणारे मोजके खेळाडू घेता येतात, आणि किती घेता येतील ते क्लबने इंग्लंडसाठी पात्र खेळाडूंना किती मिनिटं दिली यावर ठरतं. सगळ्या नियमांत मला हाच सर्वांत जास्त पटतो, कारण तो कागदावरची नावं सोडून खेळलेली मिनिटं बघतो.

मोठे क्लब यातूनही वाट काढतात. करार आधी करायचा, खेळाडू अठरा पूर्ण झाल्यावर आणायचा. चेल्सीचा एस्तेव्हाव असाच 2025 च्या उन्हाळ्यात ब्राझीलहून आला. जन्म 24 एप्रिल 2007. सध्या तो एकवीसखालचा, म्हणून यादीत जागा खात नाही. 2025-26, 26-27 आणि 27-28 हे तीन हंगाम इंग्लंडमध्ये नोंद राहिली, तर 2028 च्या उन्हाळ्यात ब्राझीलचा हा खेळाडू प्रीमियर लीगच्या दृष्टीने होमग्रोन झालेला असेल.

आता जो प्रश्न चेल्सीवाल्यांना विचारतात, तो सगळ्यांनाच विचारायला हवा. 21 ऑक्टोबर 2017 ला फातोर्ड्यावर सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी झाली. इंग्लंडने अमेरिकेला 4-1 ने हरवलं, रिअन ब्रूस्टरने तीन गोल केले. आठवड्याभरात, 28 तारखेला, कोलकात्यात स्पेनला 5-2 ने हरवून ती पोरं जगज्जेती झाली. त्या संघातली पोरं कुठे गेली? ब्रूस्टर लिव्हरपूलसाठी लीगचा एकही सामना न खेळता 2020 मध्ये शेफील्ड युनायटेडला विकला गेला. एंजल गोम्स युनायटेड सोडून फ्रान्सच्या लीलला गेला. मार्क गेही 2021 मध्ये चेल्सीतून क्रिस्टल पॅलेसला, आणि 2025 मध्ये त्याच पॅलेसचा कर्णधार म्हणून त्याने सिटीला हरवून एफए कप उचलला. हडसन-ओडोय 2023 मध्ये चेल्सीतून नॉटिंगहॅम फॉरेस्टला. गॅलघर 2024 मध्ये चेल्सीतून माद्रिदच्या अत्लेतिकोला. स्मिथ रो त्याच वर्षी आर्सेनलमधून फुलमला. सांचो तर स्पर्धेआधीच सिटी सोडून जर्मनीच्या डॉर्टमुंडला गेला होता. आपल्या घडवणाऱ्या मोठ्या क्लबमध्ये पाय रोवून उभा राहिला तो एकटा फोडेन.

हे सगळे कमी पडले म्हणून गेले असं नाही. हिशेबाची वही त्यांच्या विरोधात आहे. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटली जाते, आता जास्तीत जास्त पाच. 6 कोटी पौंडांना पाच वर्षांसाठी घेतला, तर दर वर्षाच्या खर्चात 1.2 कोटी. दोन वर्षांनी तो 4 कोटींना विकला तर वहीत त्याची किंमत उरलेली असते 3.6 कोटी, म्हणजे नफा फक्त 40 लाख. अकादमीच्या पोराची वहीतली किंमत मात्र शून्य. तो 4 कोटींना गेला की सगळेच्या सगळे 4 कोटी त्याच वर्षीचा नफा. तेवढ्यात 6 कोटींच्या तीन खेळाडूंचा पहिल्या वर्षीचा खर्च भागतो आणि वर थोडं उरतं. तीन वर्षांत 10.5 कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नाही, ही प्रीमियर लीगची मर्यादा 2025-26 च्या हंगामापर्यंतची. तिच्याजवळ आलेला क्लब वर्षाचा हिशेब बंद व्हायच्या, म्हणजे जून संपायच्या आत कुणाला विकणार? घरच्यालाच. 2024 च्या जूनमध्ये न्यूकासलच्या इलियट अँडरसनचं तेच झालं. ज्या नियमांनी उधळपट्टी रोखायची, तेच घरच्या पोराला आधी विकायला लावत, आणि अकादमीवरचा खर्च या हिशेबातून वगळला असूनही पोरगं तिथे टिकत नसे.

म्हणून पुढच्या वेळी गाड्यावर वाद रंगला तर मोजायचं काय, ते आधी ठरवा. खेळाडू घेण्या-विकण्याची खिडकी बंद झाली की सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारीत प्रीमियर लीग सगळ्या क्लबांच्या याद्या जाहीर करते, होमग्रोनना खूण असते. त्यातून तिसरे गोलरक्षक बाजूला काढा. उरलेल्यांतले त्याच क्लबमध्ये घडलेले आणि बाहेरून विकत आणलेले वेगळे करा, कारण आर्सेनलने डेक्लन राइससाठी दहा कोटींवर पौंड मोजणं आणि साकाला लहानपणापासून घडवणं ही एकाच क्लबची दोन अगदी वेगळी कामं आहेत. मग 25 च्या यादीबाहेरचे एकवीसखालचे बघा, त्यांची नावं तिथेच वेगळी दिलेली असतात. शेवटी प्रत्येकाच्या नावापुढे लीगमध्ये खेळलेली मिनिटं लिहा. अडतीस सामने, म्हणजे 3,420 मिनिटं. त्यातली निम्मी तरी ज्याला मिळाली, त्यालाच क्लबने खरी जागा दिली असं मी धरतो. नव्वदाव्या मिनिटाला मैदानावर आलेलं पोर मी त्यात मोजत नाही.